माळ काढलेला माणूस

शहादेवच्या गळ्यातली तुळशीची माळ खुंटीला लटकलेली दिसली, तेव्हा कडूबाईनं आधी नवऱ्याचं तोंड हुंगलं. पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं वाकली आणि लांब श्वास ओढला. वास आला बडीशेपेचा.

बडीशेप! म्हणजे काहीतरी झाकायचंच असणार.

तिचं तरी काय चुकलं? गेवराईकडं दारू सोडवायची रीत एकच. भावकी सांगून थकली, दवाखाना झाला, तरी बाप्या ऐकेना, की त्याला गडावरच्या महाराजांकडं न्यायचं आणि गळ्यात माळ घालायची. माळ आली की दारू गेली, आणि माळ गेली की दारू आली. यात तिसरं काही असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी शहादेव माळकरी झाला, तेव्हा कडूबाईनं गल्लीत पुरणपोळ्या वाटल्या होत्या आणि प्रत्येक दारात सांगितलं होतं, "परत पेले तर मी चालले चकलांब्याला, भावाकडं."

"माळ कावून काढली?" तिनं विचारलं.

"टोचत व्हती."

"तीन वर्सं न्हाई टोचली ती?"

"टोचत व्हती," म्हणून शहादेवनं टॉवेल खांद्यावर टाकला आणि छावणीची वाट धरली.

त्या साली पावसानं तोंडच दाखवलं नव्हतं. गावच्या दूध संस्थेनं पडीक रानात जनावरांची छावणी उघडली होती. दोन बैल आणि एक गाय घेऊन शहादेव तिथंच राहायचा, अंघोळीपुरता घरी यायचा. संध्याकाळची भाकरी कडूबाई पोचवायची. संस्थेचा चेअरमन मोहनराव रोज भोंग्यावरून बजावायचा, की जो छावणीत पिऊन सापडेल त्याची जनावरं दाव्यासकट बाहेर काढू. तो स्वतः गेवराईला जाऊन प्यायचा, पण गेवराई काही छावणीत येत नव्हती.

म्हणजे हा पुन्हा प्यायला लागला असेल तर बैल गेले, गाय गेली, आणि बोलल्याप्रमाणे कडूबाईलाही जावं लागणार होतं.

संध्याकाळी ती भाकरी घेऊन छावणीत पोचली, तर शेजारच्या दावणीवरची दगडाबाई त्यात तेल ओतायला तयारच होती. "आगं, तुझा मालक अन् तो सुग्रीव. रोज दिवे लागायच्या टायमाला दोघं कडब्याच्या गंजीमागं जात्यात. तिथं काय आरती करत्यात व्हय?"

सुग्रीव म्हणजे शहादेवचा जुना जोडीदार. मेंढरं राखायचा. एकदा दोघं पिऊन तलवाड्याच्या बाजारात मेंढरं विसरून घरी आले होते, आणि मेंढरंच शहाणी, म्हणून आपापली परतली होती.

"त्यानं सोडली म्हन्त्यात," कडूबाई म्हणाली.

"कशावर सोडली? माळ हाय का त्येच्या गळ्यात?"

नव्हती.

"मंग?"

कडूबाईनं भाकरीचं गाठोडं दगडाबाईच्या हातात दिलं आणि गंजीकडं निघाली.

गंजीमागनं आवाज येत होता. कडबाकुट्टीचा. वैरण बारीक करायचं हातचाकाचं यंत्र ते. वैरण असली की पाती खच्च-खच्च बोलतात. हा आवाज नुसता खडखड होता. रिकामं चाक कोण कशाला फिरवील? आवाजाखाली काहीतरी दडवायचं असेल तरच.

शहादेव घामाघूम होऊन चाक फिरवत होता. सुग्रीव वैरणीला आणलेल्या उसाच्या वाढ्यांच्या पेंढीवर उकिडवा बसला होता.

"बाटली कुठं हाय?"

"वैनी, बसा की," सुग्रीव म्हणाला.

"बसायला आले न्हाई. बाटली काढा."

कुणी काही काढेना, तेव्हा तिनं स्वतःच गंजीत हात घातला, पोतं झटकलं. बडीशेपेची पुडी पडली, बाकी काही नाही.

"तल्लफ आली की हात थरथरत्यात," सुग्रीव म्हणाला. "मंग चाक वढायचं. हात दमले की तल्लफ बी दमती. मी सोडली तवा माझ्याजवळ कुनी बसायला न्हवतं. म्हनून याच्याजवळ बसतो."

"तीन वर्सांनी तल्लफ?" कडूबाई नवऱ्याकडं वळली. "माळ व्हती तवा तर न्हवती."

"व्हती."

"मंग कधी बोलले न्हाईत?"

"कसं बोलनार? माळकऱ्याला तल्लफ येत न्हाई. जो तो म्हनायचा, देवानं सोडवली. मी दात खाऊन पडलेला, ते कुनाला दिसतंय?" शहादेवनं टॉवेलानं मान पुसली. "किर्तनात हात जोडून बसायचो, अन् आत निस्ती सामसूम. तिकडं कुनी ऐकतंय असं वाटंनाच. वाटत न्हाई, तरी वाटतंय असं दावत गळ्यात माळ किती दिस मिरवायची? याला सांगितलं, तर यो इचारतो, आज लई आली का थोडी. तसं मला कुनी इचारलं न्हवतं, बग."

बोलणं गोड होतं. पण दारुड्याचं बोलणं गोडच असतं, हे कडूबाईला जुनं पाठ होतं.

"म्हंजी आता देवाचा बी धाक न्हाई. अन् आज? आज आली का?"

"आली. लई आली. आत्ता बी हाय."

पिण्याच्या दिवसांत वास दारापर्यंत येत असतानाही हा 'देवाशप्पत, थेंब न्हाई' म्हणायचा, आणि त्या खोट्यावर काय करायचं हे तिला ठाऊक होतं. भांडायचं. ह्या खऱ्यावर काय करायचं? खोट्यापेक्षा हे खरं तिला जास्त भीती घालत होतं.

दावणीवर गाय हंबरली. कडूबाईनं सुग्रीवला पेंढीवरून उठवलं आणि वाढ्यांचा एक कवळा उचलला.

"फिरवायचंच हाय तर रिकामं कावून? जनावरं उपाशी हायेत."

वैरण लावणाऱ्याचा हात पात्यापासून वीतभर असतो, आणि पातं थांबतं ते चाकावरच्या माणसाच्या शुद्धीनं. पिणाऱ्याच्या चाकाला हात द्यायचा नाही, हे तिकडं लेकरालाही सांगावं लागत नाही. कडूबाईनं शहादेवच्या चाकाला कितीतरी वर्षांत वैरण लावली नव्हती. त्याच्या गळ्यात माळ होती, तेव्हाही ती दुसऱ्या कुणाला तरी चाकावर बोलवायची. हे शहादेवला माहीत होतं. तो कधी बोलला नव्हता, एवढंच.

"मी लावतो, वैनी," सुग्रीव पुढं झाला.

"तुमी सरका."

तिनं पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि वाढ्यांचे शेंडे आत दिले. चाक हलेना. शहादेव तिच्या बोटांकडं बघत मूठ धरून नुसता उभा होता.

"फिरवा की," कडूबाई म्हणाली. "पन हळू."