उरलेल्या ग्राइंडरांची किंमत

यालिनीने शेवटच्या ग्राइंडरवर खडूची रेघ ओढली आणि हात झटकले. मार्च संपत आला होता. गोदामातला माल मोजून त्याची किंमत लावायची होती. पूनगोडी दारातच उभी राहिली. नवरा, चिन्नराज, वारल्यापासून ती आत आली नव्हती. कोइमतूरच्या त्यांच्या या छोट्या कारखान्यात इडलीचं पीठ वाटायचे ग्राइंडर बनत, आणि आत रचलेला प्रत्येक नग त्याच्या देखरेखीखाली झालेला होता.

"वहिनी, पोल्लाचीचा व्यापारी सगळे एकदम उचलतोय," तिचा दीर देवराजन म्हणाला. "दगड, मोटर आणि मजुरी सुटली तरी पुष्कळ. एकदा मोकळ्या व्हा."

पूनगोडीने मान हलवली. तिलाही ते नजरेसमोरून जायला हवे होते.

"किंमत तेवढीच नाही धरता येत, अण्णा," यालिनी म्हणाली. ती दरवर्षी हिशेब तपासायला यायची. "शेडचं भाडं, यंत्रांची झीज, देखरेखीचा पगार, हे सगळं बनलेल्या प्रत्येक नगावर थोडं थोडं पडतं. विकला गेला, त्याचं त्याच्याबरोबर गेलं. उरलाय, त्याच्यात ते अजून आहे."

"देखरेखीचा पगार म्हणजे?" पूनगोडीने विचारलं.

यालिनी जरा अडखळली. "चिन्नराज अण्णांचा, अक्का."

"तो यातही धरायचा?"

"धरायचाच. त्यांचं काम लागलंय ना याला."

पूनगोडी आत आली. जवळच्या ग्राइंडरच्या पत्र्याच्या कडेवरून तिने बोट फिरवलं. कुठेही टोचलं नाही. बायकांच्या हाताला लागू नये म्हणून चिन्नराज कामावरच्या पोरांकडून कड पुन्हा पुन्हा घासून घ्यायचा, आणि घरी ताट निवून जायचं. त्यावरून ती किती भांडली होती.

दुपारी व्यापारी टेम्पो घेऊन आला. देवराजन तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "पूर्ण भाव पडेल."

"अम्मा, अशानं सगळे कसे परवडतील? निम्मे नेतो."

"न्या."

"बाकीचे पडून राहतील, वहिनी," देवराजन हलकेच म्हणाला.

"राहू देत की."

टेम्पो गेल्यावर ती गोदामात परतली. देवराजन आणि यालिनीला जेवायला हाक मारायची होती. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि उरलेल्या ग्राइंडरांमध्ये जरा वेळ टेकली.