मिसरीचा धूर

आमची ही, म्हणजे केवळाबाई, नवऱ्याचं ऐकत नाही आणि डॉक्टरचं तर त्याहून नाही. चाकूरची शेती भावाच्या हवाली करून आम्ही लातूरला क्लासच्या पोरींसाठी मेस काढली, तेव्हापासून ती चुलीपुढं बसली. चुलीवरच्या भाकरीमुळं मेस चालली आणि चुलीच्याच धुरानं हिची फुप्फुसं गेली. त्यात आता हृदयाच्या नळ्या तुंबल्या.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, "बायपास करावीच लागेल. पण आत्ता केली, तर नंतर ह्यांना श्वासाच्या मशिनवरून सोडवणं अवघड आहे. आधी फुप्फुसं सुधारू. पंप ओढा, श्वासाचा व्यायाम करा आणि धूर एकदम बंद."

आम्ही चूल मोडली. सून सिंधु गॅसवर भाकरी करू लागली, पोरींनी नाकं मुरडली. तरी पुढच्या तपासणीत फुप्फुसं जिथल्या तिथंच. डॉक्टरीणबाई विचारात पडल्या.

"घरात कुणी विडी ओढतं?"

"न्हाई."

"ह्या तंबाखू खातात?"

"शिवत बी न्हाई," मी छाती काढून म्हणालो.

बाईंनी हिला तोंड उघडायला लावलं. हिरड्या काळ्याकुट्ट. "हे काय?"

"मिसरी. दात घासायची."

"विकतची?"

"विकतची कामून? म्या सवता भाजते. रोज, ताजी!"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. तव्यावर तंबाखू जळून काळी होईस्तोवर ही रोज त्यावर वाकून बसायची, आणि आमच्या अख्ख्या घरात मिसरीला तंबाखू म्हणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मिसरी सुटली, पण आम्हा सगळ्यांचा जीव काढून. हिचं डोकं दुखायचं, सकाळ सकाळ भांडी आपटायची, सिंधुशी तर अबोलाच धरला. पण हळूहळू कफ कमी झाला, रात्री आडवं होऊन झोप येऊ लागली. पुढच्या खेपेला बाई हसल्या आणि ऑपरेशनची तारीख दिली.

ऑपरेशन नीट झालं म्हणाले, तरी मी जागचा हललो नाही. भीती होती ती घशातल्या त्या श्वासाच्या मशिनच्या नळीची. दुसऱ्या दिवशी नर्स बाहेर आली. "मामा, नळी काढली. मामी स्वतः श्वास घेताहेत."

काही दिवसांनी नर्सनं हिला धरून व्हरांड्यात चालवलं. मला बाकावर बघताच ही सुरू झाली, "दाढी वाढवून असे बसलाव जसं काय म्या गेलेच! समदं सिंधुवर टाकून हितं कामून पहारा देऊन राहिलाव? उद्याच्या एसटीनं निघा लातूरला!"

गेली कैक वर्षं भांडताना हिला मधेच दम लागायचा आणि मी जिंकायचो. आज हिनं सगळं म्हणून टाकलं, वर उत्तराची वाट बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी साफ हरलो, आणि नर्ससमोरच ढसाढसा रडलो.