फळ्यांवरचा पांढरा पट्टा

सकाळी सात वाजता थोरल्याने धाकट्या भावाच्या डोक्यात ब्रशचा दांडा घातला. तो गुडघ्यांवर आला, तेव्हा पुन्हा घातला. थोरल्याची बायको कोमट साबणपाण्याची बादली घेऊन मागच्या दारात उभी होती. तिने दोन्ही घाव पाहिले.

भांडण घरामागच्या डेकवरून, म्हणजे फळ्यांच्या ओट्यावरून पेटले. भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या त्या फळ्या थोरल्याने स्वतः बसवल्या होत्या. कोपऱ्यात शेवाळ धरले की तो पाण्यात भांड्यांचा साबण कालवून मऊ ब्रशने, फळीवरच्या रेघांच्या दिशेने घासायचा. ब्लीचला घरात बंदी होती.

"दादा, यांच्या आंघोळी पुरे झाल्या. आता लग्नं लाव," असे म्हणत धाकट्याने ब्लीचचा अख्खा डबा कोपऱ्यात उपडा केला. शेवाळ गेले. तपकिरी रंगही गेला.

"काय केलंस हे?"

"फळ्याच आहेत, दादा. तुझी पोरं नाहीत."

मग दांडा.

रक्त रेघांतून पायरीपर्यंत आले. थोरल्याने रुग्णवाहिका बोलावली आणि बायकोकडे वळला. "साबणाच्या पाण्यावरून घसरला. कळलं?"

"भाऊजींचं डोकं फुटलंय हो!"

"ओत ती बादली. नाहीतर मी तुरुंगात जाईन."

तिने ओतली. भाऊजींना नेल्यावर ती घासायला बसली. हात सवयीने रेघांच्या दिशेने चालले. फेस गुलाबी झाला, मग पांढरा. शेवटी तिने दांडाही धुतला. त्याला केस चिकटले होते.

दुपारी पोलीस आले. ती थोरल्याच्या शब्दांतच बोलली.

"मग रक्त का धुतलंत?" फौजदाराने विचारले.

"परत कुणी घसरू नये म्हणून."

हवालदाराला हसू आले. फौजदाराला नाही. त्याने कोपऱ्याकडे बोट केले. "आणि हा पांढरा पट्टा?"

"जुना आहे," थोरला घाईने म्हणाला.

फौजदार वाकला, बोट फिरवून त्याने वास घेतला. "तुम्ही गप्प बसा. ताई, तुम्ही सांगा."

तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला. धाकट्याने डोळे उघडले होते. हाक मारली की बघत होता, पण अजून एक शब्दही बोलला नव्हता.

फौजदाराने फोन खिशात ठेवला आणि प्रश्न पुन्हा विचारला. संध्याकाळ झाली तरी तिने उत्तर दिलेले नव्हते.