पांढरा सदरा आणि गंजलेला ढकलगाडा

मी एक जुना ढकलगाडा आहे. गाडा म्हणायचं आपलं, चाकं मला नाहीतच. खाली लोखंडाच्या दोन पट्ट्या, पुढे माणसाच्या छातीच्या उंचीला पाच जाड गाद्या आणि मागे कोचला उभं राहायला एक फळी. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या कोल्टर्स ब्रँच गावात, शाळेच्या मैदानाच्या कुंपणाला टेकून मी गंजत पडलो आहे. मित्रांनो, माझी गोष्ट काही आनंदाची नाही, पण ऐका.

कोळशाच्या खाणीतले रूळ झिजले, तेव्हा खाणीतल्या वेल्डरांनी ते कापून मला घडवलं. त्यांचीच पोरं शाळेच्या फुटबॉल संघात होती. इथला फुटबॉल हातांचा. चेंडू छातीशी धरून पळायचं, नाहीतर लांब फेकायचा. पुढे पाच दांडगी पोरं ओळीने उभी असतात. त्यांना कामं दोन. चेंडू फेकायचा असेल, तेव्हा फेकणाऱ्याभोवती भिंत करून मागे सरकत राहायचं आणि अंगावर येणाऱ्यांना थोपवायचं. कोणी चेंडू घेऊन पळणार असेल, तेव्हा मात्र आपणच समोरच्यावर तुटून पडायचं आणि त्याला रेटून वाट करून द्यायची. हे रेटणं शिकवायला मी होतो.

या ओळीला शिकवणारा ओर्व्हल कोच माझ्या फळीवर उभा राहायचा. माणूस धिप्पाड, जन्म खाणीत गेलेला, खोकला कायमचा. "खाली! अजून खाली! कंबर कुठे चालली तुझी, आभाळात?" असा ओरडायचा. पोरं घामाघूम होत आणि मला शिव्या घालत. "हे खेचर मरत का नाही एकदाचं!" म्हणत. खेचर हेच माझं नाव पडलं. पण मी रोज हलत होतो, आणि खरं सांगतो, सुखात होतो.

मग प्रिचर्ड नावाचे नवे मुख्य कोच आले. त्यांना चेंडू फेकण्याचं वेड. फेकणारा लेन, त्याचा हातही सोन्यासारखा. त्यात आमच्या गावाची एक रीत. शुक्रवारचा सामना संपला की फेकणाऱ्याचा पांढरा सदरा व्हर्डीबाई आपल्या खानावळीच्या दारात टांगतात. सदऱ्यावर चिखलाचा डाग नसला, म्हणजे त्याला कोणी पाडलं नाही. मग ओळीतल्या पाचांना सफरचंदाचा केक फुकट, अगदी पोट फुटेस्तोवर.

दोन वर्षं सदरा बगळ्यासारखा पांढरा राहिला. गावाला वाटलं, अशी ओळ झाली नाही आणि होणार नाही.

"ओर्व्हल, हे भंगार कशाला ठेवलंय?" प्रिचर्ड म्हणाले. "आपली पोरं कोणाला आत येऊ देत नाहीत. आणखी काय पाहिजे?"

ओर्व्हल कोचने माझ्याकडे पाहिलं, खाकरला. "तेही खरंच आहे," म्हणाला. केक त्यालाही आवडायचा. मला ओढत नेऊन कुंपणाशी टाकलं.

ओळीत मधोमध उभा राहायचा डेल्मर स्कॅग्ज. त्याचा बाप खाणीचं छत कोसळून गेला होता. आईचा एकच धोशा: "पोरा, तू जमिनीच्या वर राहा. मला बाकी काही नको." कॉलेजने खेळासाठी उचललं तर शिक्षण फुकट होणार होतं. नाहीतर या गावात दुसरं होतं काय? खाणच.

मी पडल्या पडल्या पाहत होतो. पोरं मागे सरकायला सुरेख शिकली. पाय हलके, पाठ ताठ, डोळे समोरच्यावर, की तो काय करतो ते बघू, मग आपण हलू. थोपवताना हेच हवं. पण रेटताना वाट बघून कसं भागेल? पहिली धडक आपली लागते, आणि तीही खालून. दोन वर्षं भार टाचांवर ठेवलेलं पोर पुढे जायला निघालं की उभंच्या उभं समोरच्याला जाऊन मिठी मारायचं. मागून पळत येणारा त्याच्याच पाठीवर आपटायचा. लोक म्हणायचे, "हा पळणाराच नेभळट!" सदरा पांढरा होता ना, मग ओळीला नावं कोण ठेवणार?

हंगामाचा शेवटचा सामना भुरभुरत्या बर्फात झाला. चेंडू हातात ठरेना, फेकणार कसा? ओलांडली की जिंकलो, अशी शेवटची रेघ हातभर लांब होती. पोरांनी पुन्हा पुन्हा जोर लावला आणि प्रत्येक वेळी मागेच आली. सामना गेला. तरी व्हर्डीबाईंनी केक वाढला, कारण सदरा स्वच्छ होता!

सोमवारी कॉलेजचा माणूस डेल्मरला पाहायला आला. "थोपवतोस झकास," तो म्हणाला. "आता रेटून दाखव. गाडा आहे का तुमच्याकडे?"

मला मैदानात आणलं. ओर्व्हल कोचने माझ्या पट्ट्या घासल्या, तेल लावलं. तेव्हा माझ्या गंजाची सबब नको. तो माणूस फळीवर चढला. डेल्मर आला आणि छाती काढून उभाच्या उभा मला धडकला. मी पुढून जरा उचललो गेलो आणि धप्पकन खाली बसलो. पुन्हा धडकला. पुन्हा तेच. अरे, खाली ये रे राजा, खाली! माझा जीव तुटत होता. पण लोखंडाला वाचा नाही आणि लबाडीही येत नाही.

"पोरगा गुणी आहे," तो माणूस प्रिचर्डना म्हणाला. "पण एवढं मुळापासून आता कोण शिकवणार?" आणि गेला.

डेल्मर माझ्या गादीवर हात ठेवून उभा राहिला. "कोच, आम्हाला का नाही हो ढकलायला लावलंत?"

ओर्व्हल कोच तेलाचे हात पुसत म्हणाला, "जिंकत होतात रे तुम्ही."

उन्हाळ्यात डेल्मर खाणीत उतरला. त्याच्या आईने त्या दिवशी दारातून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही म्हणे.

वर्ष उलटलं. एका संध्याकाळी तो कामावरून परस्पर मैदानात आला. तोंड काळंठिक्कर, पाठीला पोक. ओर्व्हल कोच कुंपणाशी माझ्याशेजारी बसला होता. त्याला पाहून कोच उठला आणि माझ्या फळीवर चढला. डेल्मर वाकला, पार जमिनीलगत. खालून त्याचा खांदा असा लागला, की रुतलेल्या पट्ट्या करकरल्या आणि मी हललो! मित्रांनो, थेट शेवटच्या रेघेपलीकडे गेलो. बघायला कोणी नव्हतं.

"इतकं खाली यायला कुठे शिकलास रे?" कोचने विचारलं.

"आत छत कमरेएवढं आहे, कोच," डेल्मर म्हणाला. "उभं राहायला जागाच नाही."

ओर्व्हल कोच फळीवरून उतरला आणि तोंड फिरवून खोकत राहिला.

मित्रांनो, ज्याची वाहवा होते ते सगळेच घोटतात. जे अंगावर येतं, ज्याला शिव्या द्याव्याशा वाटतात, त्याला कुंपणाशी टाकू नका. वेळ असतो तोवर रोज थोडं ढकला. माझ्यासाठी नका, मला गंजायची सवय झाली आहे. काल शुक्रवार होता. व्हर्डीबाईंच्या दारात सदरा टांगला होता, आणि तो पांढराशुभ्र होता.