सायलेन्सरच्या पोटातल्या लाह्या

मित्रांनो, मी एक जुना सायलेन्सर आहे. एका लाल, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली माझा मुक्काम असतो. तुम्ही गाडीचा रंग पाहता, चाकं पाहता. वाकून माझ्याकडे कोणी बघत नाही. मला मात्र साऱ्या जगाची भारी उत्सुकता.

कारखान्यात माझ्या पोटात भोकाभोकांच्या नळ्या बसवल्या, काचेच्या तंतूंची गादी घातली आणि तीन खोल्या केल्या. इंजिनाचा धूर आरडाओरडा करत आत येतो. या खोल्यांतून फिरता फिरता त्याचा राग उतरतो आणि बाहेर पडताना तो नुसता गुरगुरतो.

काही वर्षं नागपुरात काढल्यावर नागभीडच्या हेमराजने आमची गाडी जुन्यात घेतली. त्याची राइस मिल आहे. गाडी दारात आली तेव्हा त्याच्या आईने, सुकरीबाईने, तिला कुंकू लावलं आणि खाली वाकून मलाही एक बोट टेकवलं. मी त्या दिवशी फार खूश झालो.

धानाचा हंगाम आला आणि हेमराजला गिरणीतून मान वर काढायला फुरसत उरली नाही. गाडी गोदामात, धानाच्या पोत्यांशेजारी महिनोन् महिने उभी राहिली. एका उंदराने माझं तोंड पाहिलं आणि आत कोठार थाटलं. मला गुदगुल्या व्हायच्या, पण सांगणार कोणाला?

होळीनंतर गाडी सुरू झाली. उंदीर पळाला, धान राहिलं. माझा श्वास कोंडला आणि गाडी चढावर धापा टाकू लागली. हेमराजने ती दामिनीच्या गॅरेजात आणली.

"गाडी ओढूनच नाई राह्यली. हा सायलेन्सर काढून टाक, सरळ पाइप लाव. आवाजही दणक्यात येईन."

"आधी पाहू तर दे भाऊ, काऊन दमली ते," दामिनी म्हणाली.

"पाहाचं काही नाई. काढ."

मला उतरवलं आणि भंगाराच्या ढिगावर टाकलं. सरळ पाइप लागताच गाडी सुसाट पळाली. पोटातला अडथळा माझ्यासोबत गेला होता, पण हेमराजला वाटलं, सगळी करामत पाइपाचीच. त्या गर्जनेने गॅरेजचे पत्रे थरथरले. मित्रांनो, मला रडू आलं.

मोहफुलांचे दिवस होते. गिरणी असली तरी सुकरीबाई सवयीने पहाटे मोह वेचायला जंगलात जायची. तिथे बाया एकमेकींपासून दूर वेचतात आणि थोड्या थोड्या वेळाने "हूऽ" घालतात. उलट "हूऽ" आली की समजायचं, बाई ठीक आहे. मधल्या वेळात कान वानरांकडे. वाघ दिसला की वानरं झाडावरून खाकरतात.

आठवड्याभराने मायलेक गॅरेजात आले. हेमराजचा चेहरा उतरलेला होता. आईला आणायला तो जंगलाच्या रस्त्याने गाडी गरजवत गेला होता.

"बाया मले हूऽ घालून राह्यल्या होत्या, वानरं खाकरून राह्यली होती," सुकरीबाई दामिनीला सांगत होती. "मले काहीच आयकू नाई आलं. याची गाडीच बोंबलत होती. मान वर केली तं वाघ त्या भिंतीएवढा दूर!"

"मंग?"

"मी जागची हलली नाई. यानं गाडी बंद केली तवा माही हूऽ बायांले आयकू गेली. साऱ्या मिळून ओरडल्या, तवा गेला तो."

हेमराज खाली पाहत म्हणाला, "जुना सायलेन्सर आहे का गं? भंगारात तं नाई गेला?"

दामिनीने मला उचललं आणि कानाशी हलवलं. खळखळ आवाज आला. तिचे डोळे चमकले. तिने मला उलटं केलं आणि जमिनीवर काळ्या लाह्यांचा ढीग पडला! गाडी पहिल्यांदा तापली तेव्हाच माझ्या पोटातलं धान फुटलं होतं.

"घे भाऊ, तुह्याच गिरणीचा माल," दामिनी हसली. "यानं दम कोंडला होता. बिचाऱ्या सायलेन्सरनं काय केलं होतं?"

मग तिने मला कापून साफ केलं, नवी गादी भरली, शेपटीची नळी थोडी रुंद करून वेल्डिंग मारलं. आता गाडी मोकळी ओढते आणि माझा आवाज खोल, दबका, मला स्वतःलाच आवडेल असा आहे.

मित्रांनो, एखादी वस्तू बिघडली की फेकण्याआधी एकदा हलवून बघा. आत काय अडकलंय, ते तिला सांगता येत नाही.

हेमराज आता जंगलाच्या अलीकडेच इंजिन बंद करतो. खाली उतरून तोंडाशी हात धरतो आणि "हूऽ" घालतो. तो थांबतो. मीही थंड होता होता टिकटिकतो, मग ती टिकटिकही बंद करतो. झाडांच्या आतून सुकरीबाईची "हूऽ" येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प असतो.