गडाखालून परतलेली ओटी

मी दाजींची पांढरी व्हॅन बोलतेय. वेंगुर्ल्याच्या बाजारात माझा नंबर कुणाला ठाऊक नाही, पण 'काजूच्या वासाची गाडी' म्हटलंत तर कुणीही बोट दाखवील.

सोळा वर्षांपूर्वी मी आले. पहिल्याच आठवड्यात दाजींनी माझी मागची सीट काढून टाकली. "माणसां खंयव बसतत. पोत्यांका जागा होयी," म्हणाले. शाळा चौथीत सुटलेला हा माणूस, पण गिऱ्हाईक वाचावं तर त्यानेच. एकदा पुण्याचे एक साहेब चव न घेताच "महाग आहे" म्हणून वळले. दाजींनी मूठभर काजूगर त्यांच्या लेकीच्या ओंजळीत ठेवले. साहेब पाच किलो घेऊन गेले! मात्र माझ्यात शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. ती गिऱ्हाईक थोडीच होती?

त्या बायकोचं, आनंदीबाईंचं, माहेर वैभववाडीच्या पुढे, कातळगडावर. गडाच्या तटबंदीच्या आत वीस-पंचवीस घरांची वस्ती, मधोमध देवी. गाडीरस्ता पायथ्यापर्यंत, पुढे साठ पायऱ्या. सात वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा सिद्धेश मुंबईत आजाराने अंथरुणाला खिळला होता. तेव्हा माझ्या सीटवर बसूनच त्या देवीला नवस पुटपुटल्या होत्या, "आई, त्येका बरो कर. माझ्या पायांनी पायऱ्यो चढान तुझी ओटी भरतंय."

सिद्धेश बरा झाला. ओटी राहिली. आधी काजूचा सीझन, मग आंब्याचा, मग पाऊस. आनंदीबाईंचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा कुठे गेल्या वर्षी, थंडीत, दाजी एका सकाळी म्हणाले, "चल गो, आज मोकळो आसंय." वाटेत कणकवलीत दोन पोती टाकायची होतीच.

किती खूश होत्या त्या! ओटीची पिशवी पोत्यांत ठेवायला दिली नाही, मांडीवरच धरली. हिरवं लुगडं, नारळ, तांदूळ. वाटभर लहानपणच्या गोष्टी. दाजी "हं, हं" करत होते आणि फोनवर भाव ठरवत होते.

गड दिसला. पण पायथ्याच्या माळावर झावळ्यांच्या खोपी, चुली, बांधलेल्या म्हशी, टोपल्यांखाली कोंबड्या. सगळा गाव बाहेर! गावपळण होती. देवीचा कौल झाला की तीन दिवस, तीन राती गाव ओस ठेवायचा. कुत्रंसुद्धा आत राहत नाही, मग पाहुण्यांची काय कथा.

आनंदीबाईंची थोरली बहीण हौसाबाई धावत आली. मागे तिचा मुलगा गुरुदास. तो माझ्या खिडकीशी वाकला. "काका, मी तुमका बाजारात येवन सांगितलंय मा? गावपळणीच्या आदल्या नायतर फुडल्या आठवड्यात येवा म्हणान?"

खरं होतं. ह्याच खिडकीशी सांगितलं होतं. दाजी तेव्हा फोनवर होते, "सांगतंय, सांगतंय" म्हणाले आणि विसरले.

आनंदीबाईंनी नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. मग हसल्या. "बरां झाला. सगळी एकाच जागेर गावली."

दाजी हळूच म्हणाले, "गडार आता कोण आसा बघूक? पटकन जावन ये."

"देवी आसा मा!" हौसाबाई कडाडली. "भावोजी, ह्यो काय तुमचो बाजार नाय. आनंदी, ऱ्हव गो माझ्या खोपीत. दोन राती गेल्यो की कौल घेवन सगळी वर जातलंव. माझो हात धरून चढ."

आनंदीबाईंचा हात माझ्या दारावर होता. "अवो, ऱ्हवांया?"

"फाल्या सकाळीच कोल्हापूरचो माणूस गर बघूक येतलो. घरात कोण आसा? पुढच्या म्हयन्यात येव मगे," दाजी म्हणाले आणि माझ्यात बसले.

त्या पिशवी घेऊन शेजारी बसल्या. परतीच्या वाटेवरही ती मांडीवरच धरली होती.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरचा माणूस आलाच नाही. पुढचे महिनेही तसेच गेले. पावसाळ्यात आनंदीबाई परसात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. आता स्वयंपाकघरापासून पडवीपर्यंत त्या वॉकर धरून येतात, तेवढंच.

दाजी हल्ली दुकान लवकर बंद करतात. परवा म्हणाले, "जावया गो गडार? खुर्चयेर बसवन चार माणसांनी वर नेतंव."

"माझ्या पायांनी येतंय म्हणान सांगितलंय," त्या शेंगा सोलत म्हणाल्या. "चार माणसांच्या न्हय."

दाजी मग माझ्यात येऊन बसले. कुठे जायचं नव्हतं. नुसतेच बसले.

मीही आता मोडीत निघायला आलेय. थंडीत चार-चार वेळा किल्ली फिरवल्याशिवाय कधी सुरू न होणारी मी, त्या संध्याकाळी गडाखाली पहिल्याच फटक्यात सुरू झाले. एवढी शहाणी व्हायला तोच दिवस सापडला मला!

तेव्हा मंडळी, शेजारी बसलेलं माणूस "राहूया?" म्हणालं, तर किल्ली काढून खिशात टाका. आमच्यावर विसंबू नका. आम्ही गाड्या, शेजारच्याचं सगळं ऐकतो. पण निघतो मात्र किल्ली फिरवणाऱ्याच्या हुकमानं.