पद्मावतीची तिसरी मारुती

लाटंबार्सेत पहिली मारुती आली ती सगुण गावसाच्या दारात, आणि ती आली तेव्हा गोवा अजून केंद्रशासित होता. सगुणचे खाणीवर ट्रक होते, पण ट्रक बघायला कोणी येत नाही. ही लाल गाडी बघायला साळ आणि अडवलपालहून माणसं आली. शाळेतल्या कंपासपेटीसारखी चौकोनी, आणि आत साधारण तेवढीच जागा. पहिल्याच दिवशी तिच्यात सगुण, बायको पद्मावती, मुलगा रुद्रेश, मुलगी सिद्धी, सगुणची आई आणि एक फणस बसून म्हापशाला गेले. फणसाला पुढची सीट मिळाली, कारण तो डॉक्टरांना द्यायचा होता.

नवी गाडी आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय रस्त्यावर येत नाही. गावचा मानकरी, म्हणजे गावकर, राखणदार या ग्रामदेवाच्या झाडाखाली नारळ ठेवतो आणि देवाला मोठ्याने सांगतो, गाडी कोणाची, चालवणार कोण, जाणार कुठे. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. एकदा म्हटलं की ते देवाकडे लागू झालं. कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टात नेता येतो. राखणदाराच्या वर कोणी बसत नाही.

पहिल्या गाऱ्हाण्यात कृष्णनाथमामा गावकरांनी देवाला सांगितलं की ही गाडी सगुण चालवील. सगळे व्हय म्हणाले. पद्मावतीही म्हणाली, आणि पुढची बारा वर्षं पस्तावली.

तिचं माहेर मांद्रे. सगुण तिला तिथे न्यायचा, नाही असं नाही. पण तो इंजिन बंद करायचा नाही. भावजय रेश्मा चुलीवर चहा ठेवायची, तो उकळेपर्यंत बाहेर हॉर्न वाजलेला असायचा. खाणीवर ट्रक अडकलाय, माणूस यायचाय, पूल बंद होणार आहे. पूल कधीही बंद झाला नाही. समुद्राकाठी जन्मलेली पद्मावती माहेरचा बांगडा डब्यात घालून आणायची आणि डोंगरापलीकडे बसून खायची. स्वतः गाडी चालवत मांद्र्याला जावं आणि मनाला येईल तेव्हा परत यावं, एवढंच तिला हवं होतं. ताजमहाल मागितला असता तर सगुणने सहकुटुंब दाखवून आणला असता.

सत्त्याऐंशी साली तीन गोष्टी झाल्या. कोंकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झालं आणि सगुणने मारुतीचं नवीन मॉडेल घेतलं. गाऱ्हाण्यात चालवणारा पुन्हा सगुणच. या गाडीचे कोपरे गेले होते. वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखी दिसायची. गावात पहिल्या दोन गोष्टींवर जेवढं बोललं गेलं तेवढंच तिसरीवर. सगुण कट्टर मराठीवादी, त्याचा चुलतभाऊ गोकुळदास कट्टर कोंकणीवादी. सगुण मराठीची बाजू कोंकणीत मांडायचा, कारण रागात त्याला तीच यायची. गोकुळदास कोंकणीची थोरवी शुद्ध मराठीत पटवायचा, कारण तो मराठी शाळेत शिकला होता. दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं, आणि खरी अडचण तीच होती.

या गडबडीत पद्मावती दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाऊन ड्रायव्हिंग शिकली. शिकवणाऱ्याची गाडीही मारुतीच. लायसन हातात पडलं तेव्हा सगुणला इतका अभिमान वाटला की त्याने त्याला काच लावून घेतली आणि ते दिवाणखान्यात गणपतीशेजारी टांगलं. आल्यागेल्याला दाखवून म्हणायचा, "आमच्या घरात बायकांना पूर्ण मोकळीक." मग पाहुण्यांना गाडीने सोडून यायचा. स्वतः.

सत्त्याण्णवमध्ये मारुतीने पुन्हा तोंड बदललं. अंग तेच, पुढचे दिवे आणि जाळी नवी, जशी एखादी मावशी चष्मा बदलून येते आणि आपण क्षणभर ओळखत नाही. सगुणने पांढरी घेतली. नंबराच्या पाटीवर आता नव्या राज्याची अक्षरं होती. झाडाखाली सगळा वाडा जमला.

नारळ ठेवायच्या आत गोकुळदासने मुद्दा काढला. राजभाषा होऊन दहा वर्षं झाली, तेव्हा गाऱ्हाणं अधिकृतपणे कोंकणीत व्हावं, असं त्याचं म्हणणं. सगुण म्हणाला की राखणदार चारशे वर्षं मराठी ऐकतोय, या वयात त्याला त्रास कशाला. वाद रंगला. सगुणला हातवारे करायला दोन्ही हात लागत, म्हणून चावी ठेवलेलं ताट त्याने बायकोकडे दिलं. कृष्णनाथमामांनी थोडी वाट पाहिली आणि आपल्या आजोबांनी शिकवलेल्या भाषेत सुरू केलं. ती मराठी की कोंकणी, हे दोन्ही पक्षांना आजवर ठरवता आलेलं नाही.

गाडी कोणाची, सांगून झालं. व्हय म्हाराजा. चालवणार कोण, या प्रश्नापाशी मामा थांबले. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी त्यांनी चावी कोणाच्या हातात आहे ते शोधलं आणि हळू विचारलं, "चलयतलें कोण गो बाये?"

पद्मावतीने नवऱ्याकडे पाहिलं. तो गोकुळदासला ज्ञानेश्वरीची ओवी ऐकवत होता.

"हांव," ती म्हणाली, आणि कुठे जाणार, कधी परतणार तेही त्यांच्या कानात सांगितलं.

"बा देवा म्हाराजा, ही गाडी आमची पद्मावती चलयतली."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज सगुणचा. ओवीच्या मध्ये श्वास घ्यावा तसं त्याने ते म्हटलं.

"मांद्र्याक म्हायेरा वतली, मनाक येयत तेन्ना परततली."

"व्हय म्हाराजा." आता बायकांच्या बाजूने आवाज वाढला होता.

"आनी घोव बाजूक बसतलो. ओगी."

हे तिसरं वाक्य तिने सांगितलं नव्हतं. ते मामांनी पदरचं घातलं. गप्प बसणारा सगुण ही कल्पनाच लोकांना इतकी आवडली की व्हय म्हाराजा दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा त्यात सगुण होता. मग हशा पिकला आणि त्याने विचारलं, झालं काय.

झालेलं कळल्यावर त्याने गाऱ्हाणं परत घालायला सांगितलं.

"देवाक सांगिल्लें परत घेवपाक," मामा म्हणाले, "तें किदें विधानसभेंतलें भाशण?"

गोकुळदास पहिल्यांदाच सगुणच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, या बाबतीत मात्र आपलं एकमत आहे. आपण दोघांनीही ऐकलं नाही."

अर्ध्या तासात गाडी निघाली. सिद्धी मागे, मांडीवर काचेसकट लायसन, पोलिसाने विचारलं तर असावं म्हणून. सगुण डाव्या सीटवर, ओगी. अस्नोड्याच्या वळणावर त्याने नसलेला ब्रेक दोन्ही पायांनी दाबला. कोलवाळच्या पुलावर समोरून त्याचाच ट्रक आला. ड्रायव्हर पांडुरंगने मालकीण स्टेअरिंगवर आणि मालक गप्प असं दृश्य पाहिलं आणि तो पुलाच्या मधोमध थांबला. मागे बस, टेम्पो, पाववाला पोदेर, सगळे हॉर्न वाजवू लागले. सगुणच्या तोंडात शिव्यांची रांग लागली होती, पण राखणदाराची हद्द कुठे संपते याची त्याला खात्री नव्हती. त्याने नुसता हात हलवला. पांडुरंगला तो आशीर्वाद वाटला. पद्मावतीने काच खाली केली, "पांडुरंगा, पुढे घे रे," म्हटलं आणि अंगाला अंग घासेल इतक्या फटीतून गाडी काढली. पार्से गाव येईपर्यंत ती हसत होती. सिद्धीही. शेवटी सगुणचेही खांदे हलले. तो हसत होता की रडत होता, ते त्याला विचारायची सोय नव्हती.

मांद्र्यात पद्मावतीने इंजिन बंद केलं. अंगणात इतकी शांतता पसरली की भाऊ शिवदास काय बिघडलं ते बघायला धावत बाहेर आला.

ती चहा प्याली. परत प्याली. बांगडे खाल्ले, झोपली, शेजारी जाऊन आली. दुसऱ्या दिवशी दुपारी रेश्मा विळीवर नारळ खवत होती, तिने विचारलं, "वन्स, तुम्ही कधी निघणार?"

"उद्या बाजारात काय यील?"

"ओहोटी आहे. शिंपल्या येतील, ताज्या तिसऱ्या."

पद्मावतीने पाय पसरून भिंतीला पाठ टेकवली. "मग परवा बघू," ती म्हणाली.

बाहेर सगुण तासाभरापासून गाडीत बसला होता. डाव्या सीटवर, पट्टा लावून.